गंज मागायला आलेला माणूस

गंज काढून द्या म्हणणारी माणसं रोज यायची. गंज द्या म्हणणारा माणूस मी एकच बघितला.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका गॅरेजात मी तीसेक वर्षं गाड्यांना रंग मारला. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, इथं पत्रा टिकत नाही. दरवाज्याची खालची कड, चाकावरचे मडगार्ड, सगळं आतून खात जातं. ते खरवडायचं, खड्ड्यांत लांबी भरायची, वाळली की घासपेपर मारायचा, प्रायमर, रंग, वरून लॅकर. गिऱ्हाईक खूश. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण हे एवढंच.

एका सकाळी एका जीपखाली उताणा पडून खरवडत होतो. डोक्याशी दोन पाय येऊन थांबले. रबरी चपला, पांढराशुभ्र लेंगा.

"पेंटर, हा गंज पडतोय तो टाकणार काय?"

"नाही, लोणचं घालणार," मी म्हटलं.

"मग वायच मला दे."

मी बाहेर आलो. साठीच्या पुढचा माणूस, सदरासुद्धा पांढरा, इस्त्रीचा. हातात जेवणाचा डबा. मला वाटलं डोक्यानं हललेला असेल. गॅरेजातली सगळी हसायला लागली. तो काही हसला नाही. खाली उकिडवा बसला, डब्याच्या दोन ताटल्या वेगळ्या केल्या आणि पडलेला गंज निवडायला लागला, बायका तांदूळ निवडतात तसा. वरचे पापुद्रे एकात, आतला भुगा दुसऱ्यात.

"दोन्हीचा रंग वेगळा असतो," मला म्हणाला. "तू रोज बघतोस, बघितलं नाहीस कधी?"

मी खरंच बघितलं नव्हतं.

हे हमीदभाय. माझ्या घरापासून तिसरं घर त्यांनी घेतलं होतं, तेही मला तेव्हाच कळलं. बोटीवर खलाशी होते. माल नेणाऱ्या मोठ्या बोटी. बायको आधीच गेलेली, एक मुलगी पनवेलला दिलेली. घरात एकटे आणि सोबतीला रणगाडे. खरे नव्हेत. प्लास्टिकचे, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे. सुटे भाग डब्यात येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. हाताच्या पंजावर मावेल एवढी गाडी, आणि तिला तीन-चारशे तुकडे.

हमीदभाय गेले त्याला आता वर्ष होईल. माझी बायको सुमन त्यांच्या आधी गेली. सुमनच्या हातून त्यांच्या एका रणगाड्याचं नुकसान झालं होतं, आणि जाण्याआधी तो होता तसा झालेला तिला बघायचा होता. मला सांगायची आहे ती गोष्ट तीच. पण हा माणूस कसा होता ते कळल्याशिवाय ती कळायची नाही.

तर हा माणूस असा, की तो कोणाच्या घरी गेला तर आधी खिडकीचे गज बघायचा. "तीन पावसाळे झाले रंगाला," असं उंबऱ्यावरूनच सांगायचा. बरोबर निघायचं. चहा कोरा, लिंबू पिळून, आणि कप दोन्ही हातांत धरून. बोटीवर कप सुटला तर कपही जातो आणि चहाही, म्हणून ती सवय. बोलणं कमी. आणि सदरा पांढरा म्हणजे पांढरा. दिवसभर गंज, काजळी आणि लाल मातीत हात घालून बसायचे, पण सदऱ्यावर ठिपका नाही. सुमन मला त्यावरून टोमणे मारायची. "बघा, भायच्या कपड्यांना डाग आहे काय? तुमची बनियन मी दगडावर आपटून आपटून मेले."

मी एकदा विचारलं, बोटीवर जन्म काढलात तर बोटी करा की, रणगाडे कशाला?

तर म्हणाले, "बोटीवर माझं काम काय होतं सांगू? सकाळी उठलं की हातोडी घेऊन गंज झोडायचा. पुढून सुरुवात केली की मागे पोचेपर्यंत पुढं परत आलेला. चाळीस वर्षं. एकदा आखाती बंदरातून भंगार भरलं. त्यात सहा रणगाडे होते, मोडलेले. उघड्या डेकवर बांधले होते. मी हातोडी घेऊन गेलो तर कप्तान म्हणाला, ते भंगार आहे, त्याला हात लावायचा नाही. पेंटर, तीन आठवडे मी तो गंज चढताना बघितला. रोज ड्युटी संपली की जाऊन बसायचो. आधी कुठे येतो, पाणी कुठून ओघळतं, रंग कुठे फुगतो, माणसाचे पाय जिथे घासले तिथे लोखंड कसं चकाकत राहतं. जन्मभर ज्याला मारत होतो त्याचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं."

एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. हमीदभाय एका दमात याहून जास्त बोललेले मी ऐकले नाहीत.

गाडी जोडून झाली की तिला नुसता हिरवा रंग मारून ते थांबत नसत. खरं काम तिथून पुढे. त्याला ते म्हणायचे, गाडी म्हातारी करणं. "आज म्हातारं करायला घेतलं," असं म्हणाले की समजायचं, आता आठ महिने. माझा गंज वस्त्रगाळ करून, थिनरमध्ये कालवून, तीन केसांच्या कुंचल्यानं लावायचा. तो वाळला की त्यावर दुसरा. भांडी घासायच्या घासणीचा तुकडा रंगात टेकवून कडा झिजवायच्या. चाकांना दारातली लाल माती. धुराड्याला चुलीची काजळी. एका दिवसाला एक थर, जास्त नाही.

रंगाची गन माझ्याकडे, म्हणून गाडी हिरव्या रंगासाठी गॅरेजात यायची. काही वर्षांनी मीठ लावलेली गाडी पहिल्यांदाच आली, तेव्हा मी घोटाळा केला. त्यांनी एक रणगाडा आणून दिला, सगळा तपकिरी आणि त्यावर जागोजाग मीठ चिकटवलेलं, जाडं. म्हणाले, यावर हिरवा मार. मी म्हटलं ठीक. पण हात सवयीचा. रंग मारायच्या आधी पत्रा साफ हवा, हे माझ्या हाडात. मी हवेचा पाइप धरून सगळं मीठ उडवलं, ओल्या फडक्यानं पुसलं, आणि मग झकास हिरवा मारला. वरून लॅकरचे दोन हात फुकट. नव्या गाडीसारखा चमकला.

हमीदभाय आले. बघितला. "मीठ?"

"काढलं. मिठावर रंग बसतो काय?"

"बसू नये म्हणूनच लावलं होतं. वरून हिरवा मारायचा आणि मग मीठ खरवडायचं. तिथला हिरवा निघतो, खालचा गंज दिसतो."

मी हातातलं फडकं खिशात घातलं. ते म्हणाले, "पुसायचीच खोड तुला. चालेल. खवले आता वरून कुंचल्यानं काढीन." आणि डब्यात घालून घेऊन गेले. हा तोच रणगाडा. पुढं ज्याचं सगळं झालं तो.

त्यांच्या डोळ्यापायी मालकाचं एक गिऱ्हाईकही गेलं. मालकानं जुनी गाडी घेऊन, माझ्याकडून रंग मारून, विकायला उभी केली होती. गुहागरकडचा एक माणूस घ्यायला आला होता, व्यवहार जवळजवळ झालेला. हमीदभाय डबा घेऊन तिथेच. त्या माणसानं सहज विचारलं, "चाचा, कशी वाटते?" हमीदभाय वाकले, दाराच्या बिजागरीत बोट घातलं, बघितलं आणि म्हणाले, "समुद्राकाठी दोन वर्षं उभी होती. रंग चांगला मारलाय." झालं. माणूस गेला. मालक लालबुंद. "हमीदभाय, उद्यापासून गॅरेजात पाय ठेवायचा नाही!" तर हे शांतपणे म्हणतात, "रंग चांगला मारलाय असंही म्हटलं ना?"

तो रंग मीच मारला होता, आणि बिजागरीत काय आहे ते मला माहीत होतं. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. तेव्हापासून मी गंज पुडीत बांधून घरी न्यायला लागलो.

आता फोटोची गोष्ट. म्हातारी झालेली गाडी शेवटी सड्यावर न्यायची. एमआयडीसीच्या मागे चढलं की सगळा कातळ, झाड नाही, आभाळापर्यंत उघडं. पावसाळ्यात तिथे हिरवळ आणि फुलं असतात, ते त्यांना चालत नसे. दिवाळीनंतर गवत वाळलं, कातळ तांबडाकाळा उघडा पडला, की मग. सकाळी आठच्या उन्हात गाडी कातळावर ठेवायची आणि हमीदभाय पोटावर आडवे. कॅमेरा जमिनीला टेकलेला. अंगाखाली आधी चादर अंथरायची, सदऱ्यासाठी. मी चादरवाला.

"वरून बघितलं की खेळणं," ते म्हणायचे. "खाली पडून बघितलं की गाडी."

एकदा त्यांनी मला पडायला लावलं. पडलो. खोटं नाही सांगत, अंगावर आली ती. मागे आभाळ, पुढं ते लोखंडाचं धूड. प्लास्टिकचं आहे हे मला माहीत असून मी डोकं मागे घेतलं.

दोन नियम होते. फोटोत माणसाचा हात किंवा सावली येता कामा नये. हात दिसला की गाडी पुन्हा खेळणं झाली. आणि अर्धवट गाडीचा फोटो काढायचा नाही. पुरी म्हातारी झाली की मगच. त्याआधी एकसुद्धा नाही.

दुसऱ्या नियमानंच घात केला.

त्या वर्षी तो मिठाचा रणगाडा पावसाळ्यात पुरा झाला. आठ महिन्यांचं काम. हमीदभाय स्वतःहून म्हणाले, "हा जमलाय." तसं ते कधी म्हणत नसत. फोटो दिवाळीनंतर. तेवढ्यात मुलीनं मोतीबिंदू काढायला पनवेलला बोलावलं. त्यांच्या घराला गळती, म्हणून रणगाडा आमच्याकडे ठेवला, कपाटात, काचेआड. सुमनला म्हणाले, "वहिनी, याला सांभाळा." तिनं मान डोलावली. ती सावर्ड्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. सांभाळायचं म्हणजे काय ते तिला लहानपणापासून माहीत होतं. भांडं असो, गुरं असोत, मूल असो, सांभाळायचं म्हणजे स्वच्छ ठेवायचं.

गणपतीच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन निघतं. मी कामावर गेलो होतो. संध्याकाळी आलो तर कपाटाच्या काचा चकचकीत, आणि आत रणगाडा हिरवागार, झळझळीत, जसा मी लॅकर मारून दिला होता तसा.

मी दारातच बसलो.

"काय झालं?" सुमन म्हणाली. "चिखलानं बरबटलेला तो, गणपतीत चार माणसं येणार. अख्खी दुपार गेली माझी. साबणानं निघेना, मग लिंबू लावलं, मग राखुंडी, मग रॉकेलचा बोळा. तुमच्या जुन्या दातांच्या ब्रशनं कानाकोपऱ्यातलं सगळं काढलं. भाय आले की बघतच राहतील."

मी तिला काही सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. चूक माझी. आठ महिने हा माणूस काय करत होता हे मी तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं भाय गाड्या करतात आणि गाड्या मळतात.

हमीदभाय गणपतीतच आले, डोळ्याला हिरवी पट्टी. सुमन हौसेनं कपाट उघडून उभी. "बघा, कसा लखलखीत केला!"

त्यांनी तो हातात घेतला. फिरवून फिरवून बघितला. मग विचारलं, "काय लावलंत?"

तिनं सगळं सांगितलं.

"राखुंडी," ते म्हणाले. तेवढंच. मग कोरा चहा घेतला, मोदक खाल्ला, म्हणाले, "स्वच्छ झालाय, वहिनी." आणि रणगाडा घेऊन गेले.

ते गेल्यावर मी तिला सांगितलं. ऐकून ती मोरीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, भाय, मी अडाणी. ते म्हणाले, "तुम्ही सांभाळलात. मी सांगितलं तेच केलंत." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण रणगाडा त्यांनी तसाच हिरवागार फळीवर ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. सुमन त्यांच्याकडे कधी फणसाची भाजी, कधी आंबोळ्या घेऊन जायची, आणि प्रत्येक वेळी तो तिला समोर दिसायचा. घरी येऊन म्हणायची, "अजून तसाच आहे हो." मी म्हणायचो, "सोड ना." ती सोडत नसे.

पुढच्या आषाढात तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर माझ्याशी बाहेर बोलले. आत येऊन मी तिला खोटं सांगितलं, तिनं ते खरं मानल्यासारखं केलं. खिडकीजवळ खाट घातली.

हमीदभाय बघायला आले तर ती पहिलंच म्हणाली, "भाय, तो रणगाडा परत होता तसा करा. मला बघायचाय."

"तोच परत होत नाही, वहिनी. दुसरा करतो."

"दुसरा नको. मी धुतला तोच. माझ्या हातून बिघडलं ते मागे राहायला नको."

ते त्या दिवशी चहा न घेता उठले. मला वाटलं, हट्टी माणूस, करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले. हातात रणगाडा, वही, पेन्सिल. खाटेशेजारी स्टूल ओढलं. म्हणाले, "सांगा, वहिनी. कुठे काय होतं. मी विसरलो."

"म्हणजे?"

"फोटो काढला नव्हता. माझं डोकं आता चालत नाही. एकेक डाग तुम्ही काढलात. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला माहीत असणार?"

सुमन उशीला टेकून बसली. रणगाडा हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग बोटानं दाखवायला लागली. "ह्या चाकांना लाल माती होती, ती नुसत्या पाण्यानं गेली. वरची मात्र सुकी होती, फिकी, ती फुंकरीनंच उडाली. इथे तेलाचा ओघळ, काळा, करंगळीच्या नखाएवढा. मेला निघता निघेना, त्याला रॉकेल लागलं. ह्या झाकणाच्या कडेला पांढरं चकाकत होतं, ते मी आणखी घासलं. म्हटलं आत चांदी आहे की काय!"

हमीदभाय लिहून घेत होते.

"एवढं कसं आठवतं तुला?" मी विचारलं.

"पुरुष घाण कुठे कुठे करतात ते बायकांनाच माहीत असतं," ती म्हणाली.

हमीदभाय हसले. आवाज काढून हसले. एवढ्या वर्षांत मी ते एकदाच ऐकलं.

मग रोजचंच झालं. सकाळी येऊन विचारायचं, घरी जाऊन करायचं, दुसऱ्या दिवशी आणून दाखवायचं. सुमन चष्मा लावून तपासायची. "जास्त झालं. एवढं नव्हतं." ते निमूट पुसून न्यायचे. "हां, आता जमलं." जमलं म्हणाली की पुढचा डाग. ज्या दिवशी तिला बोलवत नसे त्या दिवशी ते नुसते बसायचे, रणगाडा तिच्या हाताखाली ठेवून. ती बोटानं चाचपायची.

पण एक थर, एक दिवस. त्यात घाई नाही. आणि मला इकडे तिचा हात रोज हलका होताना कळत होता. एक दिवस मी त्यांना अंगणात गाठलं. म्हटलं, "हमीदभाय, लाल रंग फासा, काळा फासा आणि दाखवा एकदाचा. तिला काय कळतंय? ती थांबायची नाही."

"पेंटर, पहिला थर वाळला नसताना दुसरा मारला तर काय होतं?"

"फुगतो," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"आणि ते वहिनींना कळणार नाही? तुला वाटतं?"

मी चिडलो होतो. म्हटलं, तुम्हाला तुमच्या खेळण्याची पडलीय. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले.

दिवाळीच्या आधी चार दिवस. पुढचा भाग झाला होता, चाकं, घुमट, तोफेची नळी, धुराडं, सगळं. मागचा डावा मडगार्ड तेवढा राहिला. सुमननं त्यावर बोट ठेवलं. "इथे..." म्हणाली आणि दमली. "उद्या सांगते."

उद्या ती बोलली नाही. परवा गेली.

हमीदभाय आले, माणसांत मागे उभे राहिले, शेवटपर्यंत चालत आले. नंतर बाराव्यालाही दिसले नाहीत. मी त्यांच्याकडे गेलो नाही, ते माझ्याकडे आले नाहीत. मला कोणीच नको होतं.

थंडी पडल्यावर एका सकाळी दारात रिक्षा थांबली. आत हमीदभाय, मांडीवर पुठ्ठ्याचा डबा, गळ्यात कॅमेरा. "चल पेंटर. सड्यावर."

मी गेलो. का गेलो माहीत नाही. चादर न्यायची आठवण मला राहिली नाही, त्यांनाही नाही. रिक्षा खाली उभी करून चढलो. ते दर दहा पावलांवर थांबत होते. मुलगी कायमची न्यायला येणार होती, घर बंद करायचं होतं, ते वाटेतच सांगितलं.

रणगाडा कातळावर ठेवला. मी पहिल्यांदा तो उन्हात बघितला. आठ महिन्यांत झाला होता त्याहून चांगला झाला होता की वाईट, मला सांगता येणार नाही. पण तो जुना होता. खरा जुना. फक्त मागचा डावा मडगार्ड हिरवा, कोरा, मी मारलेल्या लॅकरसकट.

हमीदभाय तसेच पोटावर आडवे झाले, पांढऱ्या सदऱ्यानं, लाल मातीत. पुढून घेतला, उजवीकडून घेतला. मग सरपटत सरपटत डाव्या बाजूला आले, जिथून तो मडगार्ड समोर येतो.

"ती बाजू अर्धवट आहे," मी म्हटलं. "तुम्ही अर्धवटाचा फोटो काढत नाही."

ते कॅमेऱ्यातून बघतच राहिले.

"इथे काय होतं ते तुम्हाला काहीच आठवत नाही?"

"आठवतं की," ते म्हणाले. "बाहेरच्या कडेला पोपडे निघालेले, खाली सुका चिखल. दोन बोटं रुंद."

मला एक क्षण समजेना. "मग वही घेऊन तिला विचारत होतात ते?"

त्यांनी कॅमेरा किंचित सरकवला.

"म्हणजे सगळंच आठवत होतं तुम्हाला."

"तेलाचा ओघळ डावीकडे होता," ते म्हणाले. "वहिनींनी उजवीकडे सांगितला."

"मग?"

"उजवीकडे काढला."

"मग हा मडगार्डपण करा की पुरा. आठवतंय तर."

"वहिनींनी सांगितला नाही ना अजून," ते म्हणाले आणि फोटो काढला.

नंतर त्यांना उठता येईना. मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. वजन काही नव्हतंच. उतरताना डबा माझ्याकडे दिला, तो परत मागितला नाही. रणगाडा आता माझ्या कपाटात आहे. काच मी लावून ठेवतो आणि पुसत काही नाही. त्याच दुपारी, मी घरी यायच्या आत, ते मुलीबरोबर पनवेलला गेले, आणि उन्हाळा लागता लागता तिकडेच वारले. मुलीचा फोन आला. ते फोटो तिनं मला मोबाइलवर पाठवले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच सकाळी, सड्याखाली. मी तिथून चालत गॅरेजात जाणार होतो, ते रिक्षात बसले. गळ्यापासून ढोपरापर्यंत सदरा-लेंगा लाल झालेला. एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या अंगावर मी डाग बघितला नव्हता. माझा हात आपोआप झटकायला पुढे गेला.

"राहू दे," ते म्हणाले.

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "चाचा, वायच झटकून बसा ना, सीट खराब होते."

"जपून बसतो," हमीदभाय म्हणाले. आणि पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर अंगापासून लांब ठेवले, सदऱ्यावरची माती सांडू नये म्हणून, आणि तसेच बसून गेले.